तारण म्हणजे काय हो? पत्रिका छापणाऱ्या संस्थेत नव्याने लागणाऱ्यांसाठी

नगरच्या माळीवाडा स्टँडवर एका काकांनी माझ्या हातातली ख्रिस्ती प्रचाराची छापील पत्रिका घेतली, चष्मा कपाळावर सरकवून वाचली आणि सरळ विचारलं, "तारण काय लागतं? सातबारा चालंल का?" पत्रिकेवर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'येशूमध्ये तारण आहे'. मथळा माझाच होता आणि दहा हजार प्रती निघाल्या होत्या. आम्ही लहानपणापासून चर्चमध्ये तारण म्हणजे पापातून सुटका असं ऐकत आलो. बाकीच्यांना तारण म्हटलं की सोसायटीचं कर्ज आठवतं.

पत्रिका असते चर्चबाहेरच्या माणसासाठी आणि ती लिहिणारा बहुतेक वेळा चर्चच्या आत वाढलेला असतो. सगळी मेख तिथे आहे. साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं, म्हटलं की लोकांना कोर्ट दिसतं, पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, हा शब्द पालक वाचला जातो. खुद्द 'पत्रिका' म्हटलं तरी समोरचा विचारतो, लग्न कुणाचं? ऑफिसात म्हणून आम्ही ट्रॅक्टच म्हणतो. हे दुखणं जुनं आहे. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचं भाषांतर केलं ते खेड्यातल्या साध्या बाईला कळावं म्हणूनच. आश्रमातल्या मुलींनी त्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवले आणि रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते पूर्ण बायबल बाहेर आलं. नव्या मुलाला मी आधी त्यातली दोन पानं मोठ्याने वाचायला लावतो.

मी मराठी घेऊन बीए केलं, डीटीपीचा कोर्स केला आणि प्रूफं तपासायला म्हणून लागलो. संस्थेचा बोर्ड मोठा होता, आत माणसं पाच. त्यामुळे भाषांतर, टाइपिंग, छापखान्याच्या चकरा, गठ्ठे बांधून एसटीच्या पार्सलला टाकणं, सगळं अंगावर पडतं आणि सगळं शिकूनही होतं. साधी पत्रिका म्हणजे ए-फोर कागदाला दोन घड्या, दोन्ही बाजू मिळून सहा फाळ्या, म्हणजे सहा उभे भाग. आत दुमडणारी फाळी एक-दोन मिलिमीटर अरुंद ठेवायची, नाहीतर घडी फुगते आणि कागद चुरगळतो. हे मला कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं, बाइंडिंगवाल्या मावशींनी सांगितलं. श्रीलिपी या जुन्या फाँटमधला मजकूर आताच्या युनिकोडमध्ये आणलात तर पहिली वेलांटी आणि 'करणाऱ्या'मधला ऱ्या डोळ्यांत तेल घालून बघा, हमखास तिथेच घात होतो.

माझा घात मात्र अक्षरात झाला नाही, आकड्यात झाला. मागच्या फाळीवर 'अधिक माहितीसाठी फोन करा' असतं, त्यात एक आकडा चुकला. मजकूर मी तीनदा वाचला होता, नंबर एकदाही लावून पाहिला नव्हता. तो लागत होता एका हार्डवेअरच्या दुकानात. मालक चार दिवस प्रार्थनेचे फोन घेत राहिले आणि पाचव्या दिवशी त्यांनीच पत्रिकेवरचा पत्ता शोधून आम्हाला गाठलं. रागावले नव्हते. "एक बाई फार रडत होत्या, त्यांना तेवढा फोन करा," एवढं म्हणाले. उरलेल्या पाच हजारांवर आम्ही दोन संध्याकाळी बसून हाताने स्टिकर लावले. तेव्हापासून प्रूफवर सही करण्याआधी मी नंबर फिरवतो.

हे कसब पुढे कुठे उपयोगी पडेल, असं घरचे विचारतीलच. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि काही वर्षांतच त्यांनी छापखाना टाकला. बॉम्बे ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी १८२७ ची, मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींनी तिच्यासाठी संपादन केलं. मिशनच्या त्या छापखान्यात काम केलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं आणि तिथेच पोरवयात लागलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर हा स्वतःचा छापखाना काढला. घरच्यांना हे सांगा.

पगार बेताचा असतो. मुलाखतीत लाजू नका, पगार कोणत्या निधीतून येतो ते विचारा. परदेशी देणगी एफसीआरएखाली, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यावी लागते, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. या कायद्याखालची संस्थेची नोंदणी अडकली की पगारही अडकतो.

कायद्याचंही थोडं. राज्यघटनेचं कलम २५ धर्मप्रचाराचा हक्क देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं आहे. धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ आहे. आमच्या टेबलावर दोन गोष्टी कापल्या जातात, दुसऱ्याच्या देवाबद्दलची ओळ आणि 'आजार जाईल, नोकरी लागेल' छापाचं आश्वासन. पहिली कापायला सगळे तयार असतात, दुसरीवर मात्र वाद होतात. वाटपाबद्दल माझा हट्ट आहे की दवाखान्यातल्या खाटेवर पत्रिका ठेवायची नाही. पडून असलेला माणूस नको म्हणून उठून जाऊ शकत नाही. यावरून वरिष्ठांशी माझं वाजलंही आहे.

मसुदा झाला की मी आता स्टँडबाहेरच्या चहावाल्याकडे जातो. तो चर्चला येत नाही आणि यायचा विचारही नाही, पण मजकूर मोठ्याने वाचतो आणि जिथे अडखळतो तिथे माझ्याच पेनाने रेघ मारतो. गेल्या वेळी त्याने 'पाचारण' उडवलं. "बोलावणं म्हणा की," म्हणाला आणि दोन कटिंगचे पैसे घेतले.