चिंच वर्षभर टिकवायची तर चिंचोका आधी बाहेर काढा

चिंचेला कीड लागली असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ती लागलेली असते चिंचोक्याला. गर इतका आंबट असतो की त्यावर पोसणारे किडे थोडेच. आतली बी मात्र पिठूळ, पौष्टिक. म्हणून चिंचेच्या अख्ख्या शेंगांचं पोतं कोपऱ्यात ठेवून 'सवडीने फोडू' म्हटलं, की पावसाळ्यापर्यंत सालीवर गोल भोकं आणि तळाशी भुकटी ठरलेली.

भोकं पाडणारे मुख्यतः दोघे. पहिला कॅरिडॉन सेराटस, म्हणजे भुईमुगाच्या शेंगा पोखरतो तोच करडा-तपकिरी भुंगेरा. मादी सालीवर अंडी चिकटवते, अळी साल आणि गर भेदून थेट चिंचोक्यात शिरते. वाढ झाली की बाहेर येऊन सालीवर किंवा पोत्याच्या शिवणीत पांढरट, कागदासारखा कोष करते. उन्हाळ्यात एक पिढी दीड-दोन महिन्यांत पुरी होते. म्हणूनच चिंच आणि भुईमुगाच्या शेंगा एका खोलीत ठेवू नयेत, एकाची कीड दुसऱ्यात जाते. दुसरा चिंचेचा सोंडकिडा. तोही चिंचोक्यातच वाढतो, आणि तडकलेल्या सालीतून त्याला आयती वाट मिळते.

काढणी फेब्रुवारी ते एप्रिल. शेंग हलवली की आत खुळखुळ वाजली पाहिजे आणि साल बोटाने सहज फुटली पाहिजे. गाभुळलेली चिंच खायला कितीही छान असली तरी साठवणीत घेऊ नका, तिच्यातल्या पाण्याने बाकीच्या मालाला बुरशी येते. झोडपून पाडताना फुटलेल्या, आणि अवकाळीत भिजून काळ्या पडलेल्या शेंगा वेगळ्या काढा. भोक दिसलेली शेंग तर ढिगाजवळही ठेवायची नाही.

अखंड चिंच दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवली की साल आपोआप सुटते. मग लाकडी मोगरीने हलकेच ठोका, टरफल काढा, शिरा ओढा आणि चिंचोके वेगळे करा. जोरात ठोकलं तर टरफलाचे कण गरात रुततात आणि ते वेचण्यात दुप्पट वेळ जातो. हे काम काढणीनंतर तीन-चार आठवड्यांत उरकावं. टरफल, शिरा, बी गेल्यावर हाती गर येतो निम्म्याच्या आसपास, तेव्हा बरणी त्या अंदाजाने घ्या. चिंचोके घरात साठवू नका. ते लगेच विका, नाहीतर दूरच्या खोलीत ठेवा.

फोडलेला गर स्वच्छ कापडावर दोन बोटं जाडीचा पसरा, वरून मलमल झाका आणि तीन-चार दिवस ऊन द्या. संध्याकाळी आत घ्या, दवाने दिवसाची मेहनत वाया जाते. दाबल्यावर बोटाला चिकट लागतो पण ओल उतरत नाही, एवढा वाळला की पुरे. आता सगळ्यात जास्त होणारी चूक: उन्हातून आणलेला गरम गर तसाच बरणीत दाबणं. आत वाफ धरते, झाकणाला थेंब येतात आणि पंधरा दिवसांत बुरशी. रात्रभर झाकून गार होऊ द्या, मगच भरा.

घरच्यासाठी एक किलो गराला १०० ग्रॅम मीठ. खडे मीठ कढईत कोरडं भाजून, गार करून, कुटून घ्या. भाजलं नाही तर मिठातलीच ओल गरात जाते. मीठ चोळून मुठीएवढे गोळे करा आणि मधे हवा राहणार नाही असे दाबून भरा. बाजारात न्यायची असेल तर मीठ लावण्याआधी घेणाऱ्याला विचारा. बार्शी, लातूर, अहिल्यानगरच्या बाजारात अखंड आणि फोडलेल्या चिंचेचे भाव वेगळे असतात, तेव्हा फोडायची की नाही तेही आधीच ठरवा.

बरणी चिनी मातीची किंवा काचेची. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड नको, चिंचेतलं टार्टारिक आम्ल धातू खातं. झाकण पत्र्याचं असेल तर आतून जाड प्लास्टिक लावा. मोठा माल असेल तर आत प्लास्टिकची पिशवी घालून नव्या पोत्यात भरा. जुनं पोतं वापरायचंच असेल तर उकळत्या पाण्यात बुडवून कडक वाळवा, कारण कोष शिवणीतच लपलेले असतात. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर.

गर हळूहळू काळा पडतो. तो किडीने नव्हे, ऊब आणि हवेने. रंग हवा असेल तर फ्रिज हाच उपाय. कोकणातल्या दमट हवेत तर थोडी चिंच फ्रिजमध्येच बरी.

जुलैत एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा बरणी उघडून बघा. पांढरे, खरखरीत कण मिठाचे असतात, मऊ कापसासारखं दिसलं तर बुरशी, आणि तो गर टाकून द्यायचा. बारीक जाळी दिसली तर पतंगाच्या अळ्या आहेत. तेवढा भाग फेका, उरलेला घट्ट पिशवीत बांधून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवा, त्यात अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी गार असेतो उघडू नका, नाहीतर हवेतलं पाणी गरावर बसतं. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या घरात अजिबात वापरू नका. त्यांचा वायू झोपेतल्या माणसाचाही जीव घेतो.