छतावर युद्धपट दाखवायचा असेल तर

आधी घड्याळ बघा, मग सिनेमा ठरवा. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. नागपुरात मे अखेरीस सूर्य पावणेसातच्या पुढे मावळतो आणि पडद्यावरचा काळोख काळा दिसायला आणखी अर्धा तास जातो. म्हणजे हातात जेमतेम अडीच तास. 'बॉर्डर' (1997) तीन तासांच्या घरातला, 'लक्ष्य' (2004) त्याहून लांब, त्यामुळे उन्हाळ्यात दोन्ही बाद. 'शेरशाह' (2021) आणि 'उरी' (2019) सव्वादोन तासांच्या आसपास संपतात, ते बसतात. डिसेंबरात मात्र साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, सव्वासहाला खेळ सुरू होतो आणि 'बॉर्डर' मध्यंतरासकट आरामात आटोपतो. घरच्या ओटीटी खात्यावर सार्वजनिक खेळ चालत नाही. अख्ख्या फ्लॅट स्कीमला बोलवायचं असेल तर हक्कधारकांकडून परवाना घ्यावा लागतो, तो आठवडाभर आधी मार्गी लावा.

लोकांना युद्धपट का आवडतात हे कळलं की पुढची निवड सोपी होते. धमाक्यांनी माणूस पाच-दहा मिनिटं दबतो, नंतर कान सरावतात. धरून ठेवते ती हल्ल्याआधीची वाट पाहणी: खंदकात वाटून ओढलेली विडी, घरचं पत्र, वायरलेसवर आलेलं अर्धवट वाक्य. 'बॉर्डर'मधलं 'संदेसे आते हैं' दहा मिनिटांच्या वर चालतं, तरी कोणी उठत नाही, कारण ही माणसं सकाळी कुठे असतील हे बघणाऱ्याला माहीत असतं. दुसरी ओढ कामाची. मोजकी माणसं, ठरलेला वेळ, एक पूल किंवा एक टेकडी, आणि प्रत्येकाच्या वाट्याला नेमकं एक काम. हे सुख घरच्या-ऑफिसच्या कामात फारसं मिळत नाही.

म्हणून खेळ बिघडतो तो दोन ठिकाणी: कुजबूज ऐकू येत नाही, किंवा कोण कुठून चाल करतंय ते कळत नाही.

कुजबूज हरवायचं कारण बहुधा आवाजाच्या सेटिंगमध्ये असतं. सिनेमाचा ट्रॅक 5.1 असतो, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर धरून केलेला, त्यात संवाद मधल्या स्पीकरचे. तुमच्याकडे दोनच स्पीकर असतील आणि प्लेअर 5.1 वरच ठेवला असेल, तर संवाद पुसट होतात आणि तोफा तेवढ्या गरजतात. सेटिंगमध्ये जाऊन स्टीरिओ निवडा. 'नाइट मोड' असेल तर चालू करा, तो मोठा आवाज दाबतो आणि लहान वर आणतो. ब्लूटूथ नको. त्यात आवाज मागे पडतो, बंदूक आधी झाडली जाते आणि बार नंतर ऐकू येतो. गाण्यात हे खपतं, गोळीबारात नाही. साधी 3.5 मिमीची वायर पुरते. वूफर स्लॅबवर थेट ठेवलात तर सगळा दणका छताखालच्या बेडरूममध्ये उतरतो, आणि मग फोन सुरू होतात. त्याच्याखाली जाड गादीची घडी टाका आणि बास निम्म्यावर आणा. चाचणीसाठी कुजबुजीनंतर लगेच स्फोट होणारा प्रसंग शोधा आणि शेवटच्या रांगेत उभं राहून ऐका. प्रोजेक्टरजवळ उभं राहून जमवलेला आवाज तिथे पोचत नाही.

पडदा 120 इंची घेतला तर रुंदी 2.66 मीटर, उंची दीड मीटर. बहुतेक युद्धपट रुंद चौकटीत चित्रित होतात, त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र साधारण 1.1 मीटर उंच उरतं. त्यात सबटायटल बारीक होतात. पहिली रांग पडद्यापासून चार मीटरवर आणि शेवटची दहाच्या आत ठेवा. प्रोजेक्टरचा उजेड 3000 ल्युमेनच्या खाली नको, कारण निम्मी लढाई रात्रीच चालते. तो पडद्यासमोर काटकोनात ठेवा. तिरपा ठेवून कीस्टोनने चौकट सरळ केली की चित्राची धार जाते. पडद्याच्या खालच्या कडेत पाइप घाला, नाहीतर वाऱ्याने रणगाडे लाटांवर डोलतात. मे महिन्यात स्लॅब रात्री आठलाही भाजतो, म्हणून पाचलाच पाणी मारा, वाळलं की सतरंज्या टाका.

आता नकाशा. खेळाआधी पाच मिनिटं द्या, भिंतीवर खडूने चार रेघा ओढा. नागपूरकरांना उंचीचं महत्त्व समजवायला सीताबर्डी पुरते. नोव्हेंबर 1817 च्या लढाईत आप्पासाहेब भोसल्यांच्या अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली आणि तिथून मोठ्या टेकडीवरच्या कंपनीच्या फौजेवर तोफा डागल्या. एक टेकडी हातची जाते तेव्हा दुसरीवर काय बेततं, हे ज्याला दिसलं त्याला 'लक्ष्य'मधली चढाई वेगळी समजवावी लागत नाही. 'डंकर्क' (2017) लावणार असाल तर एवढंच सांगा की किनाऱ्यावरची गोष्ट एका आठवड्याची, समुद्रातली एका दिवसाची आणि आकाशातली एका तासाची आहे, आणि तिन्ही एकमेकांत गुंफलेल्या आहेत. हे न सांगितल्यास अर्ध्या तासात 'हा तर आत्ताच बुडाला होता ना?' असे प्रश्न सुरू होतात. या सिनेमाला मध्यंतर करू नका. एकशेसहा मिनिटांचाच आहे, आणि ताण एकदा तुटला की पुन्हा चढत नाही. इतर वेळी मध्यंतर हल्ला संपल्यावर घ्या, आधी कधीच नाही. तर्री पोहे तेव्हाच काढा, आधी काढलेत तर वाट पाहण्याचे प्रसंग प्लेटांच्या खडखडाटात जातात.

लहान मुलं असतील तर 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (1998) नको. सुरुवातीचा ओमाहा किनारा वीस मिनिटांहून लांब आहे आणि त्यात काहीच झाकलेलं नाही. 'डास बूट' (1981) उत्तम, पण पाणबुडीची घुसमट मोकळ्या छतावर उडून जाते. तो हॉलमध्ये, दारं लावून, दहा-बारा जणांतच बघावा.

कामठी किंवा वायुसेनानगरकडचे निवृत्त फौजी आले तर त्यांना मागच्या रांगेत बसवा. सॅल्यूट, केस, खांद्यावरची फीत, सगळ्यातल्या चुका ते काढतात आणि त्यांच्याभोवती हमखास घोळका जमतो. पडद्याजवळ असले तर संवाद बुडतात.

सिनेमात काय खरं, काय रचलेलं हे शेवटी सांगा. 'बॉर्डर'नंतर लोक डोळे पुसत असतात. सिनेमा ज्या लढाईवर बेतला आहे त्या राजस्थानातल्या लोंगेवालाच्या रात्री, 4-5 डिसेंबर 1971 ला, भारताची प्राणहानी पडद्यावर दिसते त्याहून खूप कमी होती. सिनेमात मरण पावलेले भैरोसिंग प्रत्यक्षात त्या लढाईतून वाचले आणि 2022 मध्ये वारले. हे आधी सांगितलं तर शेवटचा अर्धा तास पोकळ होतो. नंतर सांगितलं तर सतरंज्या गुंडाळायला कोणी उठत नाही.

आणि प्रोजेक्टर लॅम्पचा असेल तर बंद केल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका.