तिठ्यावरचं पाच मिनिटांचं भाषण कसं करायचं, ट्रुमनच्या गाडीकडून शिकून

जिल्हा परिषदेचं इलेक्शन आलं की आपल्याकडे उमेदवार छोटा हत्ती घेऊन निघतो, दिवसाला दहा-बारा वाड्या, आणि प्रत्येक तिठ्यावर तेच वीस मिनिटांचं रडगाणं, समोर चार म्हातारे नि एक कुत्रा. मी दोन वेळा चुलतभावाच्या प्रचारात फिरलोय, भाषणं लिहायचं काम माझ्याकडे. त्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन. १९४८ ची निवडणूक हा माणूस रेल्वेच्या शेवटच्या डब्याच्या गॅलरीत उभा राहून लढला. टाफ्ट नावाचा विरोधी सिनेटर वैतागून म्हणाला की हा शिट्टीच्या स्टेशनांवर काँग्रेसची बदनामी करत फिरतोय (काँग्रेस म्हणजे त्यांची संसद, आपली पार्टी नव्हे). शिट्टीचं स्टेशन म्हणजे जिथे गाडी एरवी थांबतच नाही, कोणी चढणारं-उतरणारं असेल तरच थांबते. डेमोक्रॅट लोकांनी, म्हणजे ट्रुमनच्या पक्षाने, लगेच त्या वाटेवरच्या महापौरांना तारा ठोकल्या की बघा, तुमच्या गावाला काय म्हणतायत, पटतं का?

पहिलं काम भाषणाचं नाहीच, रुसलेल्यांच्या खळ्यात जाऊन बसायचं. ट्रुमनचं भांडण तर थेट रेल्वेवाल्यांशीच होतं. महायुद्धात पगार दाबून ठेवलेले, युद्ध संपल्यावर महागाई भडकली, आणि मे १९४६ मध्ये वीसपैकी अठरा युनियन तडजोडीला तयार झाल्या पण इंजिन ड्रायव्हरांची आणि ट्रेनमनांची (गाडीवरचे ब्रेकवाले वगैरे) अशा दोन अडून बसल्या. सरकारने १७ तारखेला रेल्वे ताब्यात घेतली तरी २३ ला संप झालाच, देशभर गाड्या ठप्प. २५ तारखेला ट्रुमन संसदेत उभा राहिला आणि म्हणाला संपकऱ्यांना सैन्यात भरती करायचा अधिकार द्या! भाषण चालू असतानाच हातात चिठ्ठी आली, संप मिटला म्हणून. खालच्या सभागृहाने तरीपण ते बिल ३०६ विरुद्ध १३ ने पास केलं, सिनेटात मात्र अडकलं, आणि अडवणाऱ्यांत टाफ्टच पुढे, गंमत बघा. ट्रेनमनांचा पुढारी व्हिटनी म्हणाला होता युनियनचा पैसा ओतून याला पाडणार. पण १९४७ मध्ये कामगारांना जाचक असा टाफ्ट-हार्टली कायदा आला तेव्हा ट्रुमनने त्यावर नकाराधिकार वापरला, तो संसदेने उलथवला ती गोष्ट वेगळी, पण व्हिटनी १९४८ ला त्याच्याच बाजूने आला. तेव्हा नळपाण्यावरून ज्याच्याशी वाजलंय त्याचं एखादं काम मनापासून करा, आणि निवडणुकीच्या आधी करा, आदल्या रात्री पेढे नेऊन काही होत नाही.

मग माहिती. ट्रुमनच्या पक्षाने एक टोळकंच बसवलं होतं, पुढच्या स्टेशनात पीक काय, कारखाना कुठला, काय अडलंय ते आधी कळवायला. माहिती चुकली की ठेच लागतेच, जूनमध्ये आयडाहोतल्या केरी गावात विमानतळाच्या उद्घाटनाला तो शहीद सैनिकाबद्दल बोलायला लागला, आणि विमानतळ होता अपघातात गेलेल्या एका मुलीच्या नावाने. आमच्या दादानेपण एका वाडीत पावणाईच्या जागी सातेरी म्हटलं होतं, त्या बुथवर किती मतं पडली ते विचारू नका. म्हणून प्रत्येक वाडीचा एक कागद करा, त्यावर देवीचं नाव, मानकरी कोण, गेल्या वर्षभरात कोण वारलं, पाखाडी कुठे खचलीय, आंब्याला कॅनिंगचा भाव काय मिळाला. बास.

भाषण वाचून दाखवायचं नाही. ट्रुमन कागद बघून वाचायचा तेव्हा लोक जांभया द्यायचे, एप्रिलमध्ये संपादकांच्या एका सभेत लिहिलेलं संपवून तो असाच बोलत सुटला तेव्हा कुठे रंग चढला. क्रम त्याचा जवळपास ठरलेला, आधी गावाचं काहीतरी कौतुक, मग त्या काही न करणाऱ्या संसदेवर दोन सणसणीत, आणि शेवटी माझ्या घरच्यांना भेटायचंय का असं विचारून पडद्याआडून बायको आणि मुलगी बाहेर. बायकोची ओळख बॉस म्हणून, मुलगी बॉसची बॉस! तेवढ्यात गाडी हलायची. आपणपण वहिनीला शेवटी पुढे करायचं, मात्र तिला विचारून, आमची वहिनी पहिल्या दिवशी टेम्पोतून उतरलीच नाही.

आणि ड्रायव्हरला सांभाळा. ट्रुमनच्या विरोधातला ड्युई इलिनॉयमधल्या ब्यूकूप गावात बोलत होता आणि गाडी थोडी मागे, लोकांच्या दिशेने सरकली, लागलं कोणालाच नाही, पण हा माइकवरच म्हणाला की असला वेडा ड्रायव्हर मला पहिल्यांदाच मिळालाय. झालं, ट्रुमनने ते धरलं आणि रेल्वेवाल्यांचं कौतुक करत सुटला. ड्युई हरला, राज्यांच्या इलेक्टोरल मतांत १८९ विरुद्ध ३०३. एका वाक्याने हरला असं मी म्हणणार नाही, पण आपला टेम्पोवाला कुठल्या ना कुठल्या वाडीतला असतोच आणि त्याच्या घरात पाच-सहा मतं असतात, तेव्हा त्या कागदावर सगळ्यात वर त्याचं नाव लिहा आणि चहा आधी त्याला द्या, मग उमेदवाराला.