‘इन्स्टॉलेशन फ्री आहे सर’ : नव्या घरात फोनची लाइन घेताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीत पझेशन सुरू झाल्यापासून मी कमिटीत आहे, त्यामुळे दर महिन्याला ग्रुपवर एकच मेसेज वाचतो, फक्त फ्लॅट नंबर बदललेला असतो. "६९९ चा प्लॅन म्हणाले होते, चार हजार कसे काय झाले?" मग खाली दहा-पंधरा जण आपापली रडकथा टाकतात, कोणीतरी "लूट आहे नुसती" म्हणतं, आणि दोनच दिवसांनी नवीन राहायला आलेलं कुटुंब गेटवर छत्री लावून कनेक्शन विकणाऱ्या त्याच पोराला यूपीआय करत असतं. दर वेळी तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

महिन्याचं भाडं हाच खर्च समजणं

यात मी स्वतः तोंडावर आपटलोय, त्यामुळे जरा जास्त बोलणार.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही पुण्यात पेठेतलं भाड्याचं घर सोडून पुनावळ्याला आलो. आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, लँडलाइनच लागते. मोबाईल त्यांना चालत नाही, कानाला लावला की गालाने कट होतो. म्हणून वायफायबरोबर फोन देणारं फायबर कनेक्शन घ्यायचं ठरलं. गेटवर पोरगा होताच. "६९९, फोन अनलिमिटेड, इन्स्टॉलेशन फ्री आहे सर." सामानाचा टेम्पो खाली उभा, हमाल पैसे मागतायत, लिफ्ट बंद, कोणाला वेळ आहे विचारायला. हो म्हणून टाकलं.

तिसऱ्या दिवशी दोघं जण आले, वायरचं भेंडोळं, ड्रिल, सगळं घेऊन. काम झालं, फायबर जोडतात त्या राउटरच्या डबीवरचे हिरवे दिवे लागले, दादांनी फोन उचलून डायलटोन ऐकला, आणि मग माझ्या हातात हिशोब आला. महिन्याचा प्लॅन ६९९. इन्स्टॉलेशन १०००, कारण 'फ्री' होतं ते सहा महिन्यांचे पैसे एकदम भरणाऱ्याला आणि मी घेतला होता महिन्याचा प्लॅन. दोन्हीवर १८ टक्के जीएसटी, ३०५ रुपये ८२ पैसे. राउटरचं डिपॉझिट १५००. आणि वर वायरचे ५२५ रोख, कारण ठरलेल्या लांबीपेक्षा ३५ मीटर जास्त लागली आणि मीटरला १५ रुपये. एकूण ४,०२९ रुपये ८२ पैसे! रोखीची पावती मागितली तर पोरगं म्हणतं, "सर वायरची पावती नसते." ड्रिल मारून झालेलं, भिंतीला भोक पडलेलं, दादा आत आत्याला फोन लावून बसलेले. आता काय भांडणार? दिले.

यात चूक कोणाची असं विचाराल तर निम्मी माझीच. कारण 'फ्री' ऐकलं की आपण पुढचं ऐकणं बंद करतो. सहा महिन्यांचा हिशोब तेव्हाच केला असता तर कळलं असतं की ६९९ गुणिले सहा अधिक जीएसटी म्हणजे ४,९४८ रुपये ९२ पैसे एकदम भरायचे, तेव्हा ते हजार माफ. ज्याला तिथे पाच वर्षं राहायचंय त्याने तसंच करावं, मी नंतर तेच केलं. पण ते आपण ठरवायचं, छत्रीखालच्या पोराने नाही. आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो आकडा बहुतेक वेळा जीएसटीशिवायचा असतो. ६९९ म्हणजे हातात येणारं बिल ८२५ रुपयांचं, हे डोक्यात पक्कं ठेवा.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. पैसे देण्याआधी त्या माणसाला व्हॉट्सअॅपवर लिहून विचारतो : घरात फोन वाजेपर्यंत माझ्या खिशातून एकूण किती जाणार, जीएसटी धरून, आणि त्यातले परत किती मिळणार? लेखी उत्तर आलं तर ठीक. "कॉल करतो सर" असं आलं तर समजायचं, आणि दुसरीकडे विचारायचं. पैसे कंपनीच्या अॅपवरून किंवा त्यांच्या लिंकवरूनच भरायचे, पोराच्या पर्सनल नंबरवर नाही. आणि हो, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी लागत नाही, कोणी लावला असेल तर तिथेच थांबवून विचारा.

बिल्डरने 'टेलिफोन पॉइंट' दिलाय म्हणून निवांत राहणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण इथे माणसं माझं ऐकतच नाहीत. ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं, हॉल आणि मास्टर बेडरूममध्ये टेलिफोन पॉइंट. लोकांना वाटतं प्लग लावला की फोन सुरू. अहो, ती भिंतीतली डबी तांब्याच्या दोन तारांसाठी आहे, बऱ्याच ठिकाणी तर ती फक्त इंटरकॉमला जोडलेली असते, वॉचमनला फोन लावा आणि खूश व्हा. फायबर त्यात लागत नाही. फायबर येतं मजल्यावरच्या डक्टमधून, दाराबाहेरच्या डबीतून, भिंतीत दडवलेल्या कन्सील पाइपातून घरात, आणि तो पाइप मोकळा आहे की नाही हे इंटिरियरवाल्याने पीओपी मारायच्या आधी बघायचं असतं. नंतर नाही.

अकराव्या मजल्यावरचे एक काका आहेत, सगळ्यांना घाई, यांना जरा जास्तच. मी सांगितलं होतं, काका, फर्निचर सुरू करायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि वायर ओढायची स्टीलची स्प्रिंग दारापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत आरपार जाते का तेवढं बघा, दहा मिनिटांचं काम आहे. "बिल्डरने दिलंय ना, असेलच." लाइन टाकायला माणूस आला, स्प्रिंग आत सरकवली, चार-साडेचार फुटांवर अडकली. पाइपात सिमेंट. प्लास्टर करताना गेलेलं, तिथेच वाळलेलं. दुसरीकडून प्रयत्न केला तर तो पाइप नव्या वॉर्डरोबच्या पाठीमागे. शेवटी वायर दारावरून, भिंतीच्या कडेकडेने, पांढऱ्या पट्टीतून नेली, नव्या कोऱ्या टेक्श्चर पेंटवर! पट्टीचे आणि मजुरीचे वेगळे पैसे, इलेक्ट्रिशियनचे वेगळे, आणि पहिल्या दिवशी काम झालं नाही म्हणून दुसऱ्या फेरीचेही त्यांनी लावले. काकू अजून त्या पट्टीकडे बघून सुस्कारे सोडतात.

बरं, पट्टी मारताना सुताराने फायबर काटकोनात दाबली, कारण त्याला ती केबल टीव्हीच्या वायरीसारखीच वाटली. आत काच असते हो, केसाइतकी बारीक. जास्त वाकवली तर उजेड पुढे जात नाही, डबीवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागतो आणि परत माणूस बोलवा, परत पैसे. पडद्याचे रॉड लावताना ड्रिलने वायर तोडलेली घरं तर आमच्याकडे मोजून तीन आहेत. माझी पद्धत अशी की वायर कुठून गेली त्याचा त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा आणि सुताराला आधी तो फोटो दाखवायचा.

अकरा महिन्यांचा करार आणि बारा महिन्यांचा प्लॅन

भाडेकरूंनो, हे तुमच्यासाठी. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स बहुतेक अकरा महिन्यांचा असतो. आणि स्वस्त पडतो म्हणून माणूस प्लॅन घेतो वर्षाचा. माझ्या भाच्याने वाकडला हेच केलं. आठव्या महिन्यात मालकाने घर विकायला काढलं, हा बाणेरला गेला, नव्या बिल्डिंगमध्ये त्या कंपनीची लाइनच नाही. उरलेल्या चार महिन्यांचे पैसे गेले, वर माफ केलेली इन्स्टॉलेशन फी 'वर्ष पूर्ण केलं नाही' म्हणून डिपॉझिटमधून कापली. अटींमध्ये होतंच ते, त्याने वाचलं नव्हतं. मला म्हणतो, मामा, एवढं कोण वाचतं! भाड्याच्या घरात सहा महिन्यांच्या वर जाऊ नका, महिन्याला शंभर रुपये जास्त गेले तर जाऊ देत.

आणि कनेक्शन घरमालकाच्या किंवा एजंटच्या नावावर घेऊ नका. "माझं आधार लावून टाक" असं मालक प्रेमाने म्हणतो, पण मग डिपॉझिटही प्रेमाने त्याच्याच खात्यात जातं. रजिस्टर्ड भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून सहसा चालतो, तोच द्या.

बाकीच्या, थोडक्यात

जुना नंबर नव्या घरी येईलच असं धरू नका. मोबाईलसारखी कंपनी बदलून नंबर ठेवायची सोय लँडलाइनला आपल्याकडे नाही, आणि ठाण्याचा ०२२ चा नंबर पुण्यात ०२० मध्ये येणं तर विसराच. तीच कंपनी त्याच गावात शिफ्ट करत असेल तर आधी विचारा, नंबर राहील का आणि शिफ्टिंगचे किती.

जुनं कनेक्शन बंद न करता घर सोडणं. बिल चालू राहतं, डबी नवीन भाडेकरू कचऱ्यात टाकतो, आणि वर्षाने वसुलीवाल्याचा फोन येतो. डबी, अॅडॉप्टर परत करून पोच घ्या.

भिंतीवर आधीच्या भाडेकरूची डबी लटकलेली दिसली तर "वा, फुकट" म्हणून तीच सुरू करायला जाऊ नका. त्याची थकबाकी आहे का विचारा आणि तुमच्या नावाने नवीन अर्ज करा.

वीज गेली की फायबरवरचा फोन मरतो, हे कोणीच सांगत नाही. जुन्या तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे, अंधारातही फोन वाजायचा. आता डबीला करंट लागतो, म्हणजे इन्व्हर्टर नसेल तर राउटरचा छोटा यूपीएस घ्या, तो खर्च आधीच धरा, घरात म्हातारी माणसं असतील तर नक्कीच.

फोनचा सेट प्लॅनमध्ये येतो का, विचारा. आजोबांचा चकतीचा फोन बहुतेक डब्यांवर चालत नाही, नंबर फिरवला तरी पलीकडे पोचत नाही.

रागाच्या भरात ट्रायला टॅग करणं

ट्राय म्हणजे फोन कंपन्यांसाठी नियम करणारी सरकारी संस्था, ती एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत बसत नाही, ते त्यांचं कामच नाही. आधी कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घ्यायचा. मुदतीत काही झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट अॅथॉरिटीकडे अपील, त्याला फी नाही. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइनही आहे. पण सगळीकडे पहिला प्रश्न एकच, पावती आहे का? माझ्या त्या ५२५ रुपयांची नव्हती म्हणून मी तक्रारसुद्धा करू शकलो नाही. डिपॉझिटचं मात्र वेगळं आहे, कनेक्शन बंद केल्यावर ४५ दिवसांत परत करायचं असा ट्रायचा २०२४ चा नियम आहे.

माझे १५०० अजून त्यांच्याकडेच आहेत, लाइन चालू आहे ना. पावती गॅसच्या कागदांच्या फायलीत आहे, वरच्या कप्प्यात, आणि हिला सांगून ठेवलंय की ती फाइल रद्दीत द्यायची नाही.