शेजारच्या तालुक्याची पद्धत उचलायची कशी?

गोव्यात 12 तालुके, 191 पंचायती. पणजीहून योजना एकच निघते, राबवायच्या तऱ्हा मात्र तालुक्यागणिक वेगळ्या. गटविकास कार्यालयांत कारकून ते हेडक्लार्क अशी 27 वर्षं काढली, त्यातलं हे थोडं.

आधी आपलं दुखणं नेमकं शोधा. ‘कामं रखडतात’ हा शेरा झाला, निदान नव्हे. आवक-जावक नोंदवहीतून शेवटच्या 20 फाईली काढा आणि प्रत्येक टेबलावर कधी आली, कधी गेली ते एका कागदावर मांडा. आम्ही सगळे साहेबांच्या सहीला दोष देत होतो. कागद सांगत होता की जागा न बघता केलेली अंदाजपत्रकं तांत्रिक मंजुरीहून परत येतात.

मग ज्या कार्यालयात हेच काम सुरळीत चालतं तिथं एक कारकून आणि एक कनिष्ठ अभियंता दिवसभरासाठी पाठवा. परिपत्रक काढू नका, ते टपालातच विरतं. अधिकाऱ्यांच्या बैठकीवरही फार विसंबू नका. खरी युक्ती टेबलावरच्या बाईला ठाऊक असते, आणि ती चहाच्या वेळी सांगते. तिला एवढंच विचारायचं, ‘हे पहिल्यांदा कुठं फसलं?’

आम्हाला तिथल्या एका अभियंत्यानं पावसाचं गणित दिलं. गटाराचं काम जूनच्या आधी उरकायचं, तर कार्यादेश डिसेंबरात हवा आणि निविदा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, उरकताच निघायला हवी. म्हणजे अंदाजपत्रक भर पावसात, छत्री घेऊन, पाणी कुठं तुंबतं ते बघत करायचं. मार्चअखेरीची धावपळ त्या वर्षी निम्म्यानं कमी झाली. छत्री मात्र ज्याची त्यानं आणायची!

उचललेली पद्धत जशीच्या तशी लावू नका. किनाऱ्याकडच्या एका तालुक्यात हयातीच्या दाखल्यांसाठी पंचायतीत एकदिवशी शिबिर घेत. आम्ही सत्तरी तालुक्यात तसंच घेतलं. लांबच्या वाड्यांवरून कदंब बस सकाळी एक, संध्याकाळी एक. म्हातारी माणसं आलीच नाहीत. पुढच्या वेळी टेबल-खुर्ची उचलून वाड्यावरच्या देवळाच्या मंडपात गेलो.

हे सगळं एका वहीत लिहा. पद्धतीला एक पान: काय केलं, कुठं अडलं, काय बदललं, कुणाला विचारायचं. वही कार्यालयाची, माणसाची नव्हे. नाहीतर बदलीच्या आदेशाबरोबर तीही जाते.

परवा माझ्याच कागदांसाठी जुन्या कार्यालयात गेले होते. तिथल्या मुलीनं खणातून ती वही काढून दाखवली. माझ्या शिबिराच्या पानाखाली कुणीतरी हिरव्या शाईत लिहिलं होतं: ‘बाजाराच्या दिवशी ठेवू नये.’