इन्स्टा बंद, व्हॉट्सॲप चालू

नुसतं ॲप काढून भागत नव्हतं, ब्राउझरमधून रील्स चालूच. म्हणून इन्स्टाग्रामचं अकाउंट तात्पुरतं डीॲक्टिव्हेट केलं. फोटो, फॉलोअर कुठं जात नाहीत. लॉगिन केलं की सगळं परत दिसतं. पण डीॲक्टिव्हेट आठवड्यातून एकदाच करता येतं, त्यामुळं 'जरा बघतो, परत बंद करतो' ही पळवाटच मिटली. (डिलीटच्या नादी लागू नका, ३० दिवसांनी खातं कायमचं जातं.) व्हॉट्सॲप ठेवलं, सांगली मार्केट यार्डातले हळदीचे दर वडिलांना त्यावरच कळतात. ग्रुप तेवढे म्यूट. संध्याकाळी हात शिवशिवायला लागले की भडंगाची पुडी घेऊन आयर्विन पुलाकडं जातो. तेल-तिखटाच्या बोटांनी फोन उघडायची सोयच नसते.