डीई (विभागीय चौकशी) आणि कोर्ट केस एकदम मागे लागली, तर

निलंबनाचा आदेश हातात पडला की बहुतेक जण आधी वकील शोधतात. शोधाच, पण त्याच आठवड्यात निलंबनाच्या काळात पगाराऐवजी मिळणाऱ्या निर्वाह भत्त्याचंही बघा. दुसरीकडे कुठे नोकरी-धंदा करत नसल्याचं प्रमाणपत्र दर महिन्याला कार्यालयात द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. तीन महिन्यांनी भत्ता वाढवून मागता येतो. कॅप्टन पॉल अँथनी विरुद्ध भारत गोल्ड माइन्स हा 1999 चा निकाल चौकशीच्या स्थगितीसाठी सगळेच दाखवतात, पण त्यातली दुसरी गोष्ट फार कमी जण वाचतात. भत्ता मिळत नव्हता, त्यामुळे त्या अधिकाऱ्याला केरळातून कोलारला चौकशीला जाणं जमलं नाही. चौकशी एकतर्फी उरकली गेली आणि सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही.

निलंबनाची तारीख डायरीत लिहा आणि तिथून 90 दिवस मोजा. तेवढ्यात विभागाचं दोषारोपपत्र मिळालं नाही, तर अजयकुमार चौधरी प्रकरणातला 2015 चा निकाल आणि महाराष्ट्र शासनाचा 9 जुलै 2019 चा शासन निर्णय जोडून निलंबन मागे घेण्याचा अर्ज द्या.

दोषारोपपत्र आलं की चारही जोडपत्रं समोर ठेवा, शेजारी पोलिसांचं आरोपपत्र ठेवा आणि ओळ न् ओळ ताडून पाहा. दोष कोणता, साक्षीदार कोण, कागद कोणते, याचा तक्ता करा. लाचेच्या प्रकरणात सापळ्याच्या पंचनाम्याला एक अख्खी दुपार द्या. पैसे खिशातून निघाले की टेबलाच्या खणातून, मागणी पंचाने स्वतः ऐकली की तक्रारदाराने बाहेर येऊन सांगितली, दोन्ही संचांत वेळ तीच आहे का, हे पाहा. विभागाने जोडलेली प्रत पुसट असेल तर मूळ कागदाचं निरीक्षण लेखी मागा.

हा तक्ता स्थगितीच्या अर्जाला लागतो. ‘केस न्यायप्रविष्ट आहे, सबब चौकशी थांबवावी’ एवढ्या एका ओळीवर कोणी थांबत नाही. दोन्ही कारवाया एकाच वेळी चालू शकतात, हा नियमच आहे. आरोप गंभीर, तथ्यं तीच आणि कायद्याचे प्रश्न गुंतागुंतीचे असतील, तरच चौकशी तूर्त थांबवणं योग्य ठरतं, आणि खटला रेंगाळला तर ती पुन्हा सुरू करता येते. बी. के. मीना प्रकरणात 1996 मध्ये न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितलं की कोर्टातल्या बचावाला बाध येतो, एवढंच खरं कारण. तो कसा येतो, ते तक्त्यावरून दाखवा. अर्ज आधी शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याकडे, नकार आला तर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात.

स्थगिती नाही मिळाली, तर खरी कसोटी लेखी उत्तराची. मसुदा फौजदारी वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. चौकशीत बचाव सहाय्यक बहुधा खात्यातलाच असतो. त्याला नियम तोंडपाठ असतात, पण तुमची कबुली कोर्टात कुठे नडेल हे त्याने सांगावं अशी अपेक्षा ठेवू नका. दोघांना एकदा तरी समोरासमोर बसवा. उलटतपासाचंही तसंच. चौकशीत पंचाला सगळे प्रश्न विचारून टाकलेत, तर तो कोर्टात तयारीने येतो. काही विचारलंच नाही, तर इकडे दोष सिद्ध होतो, कारण इथे संशयातीत पुरावा लागत नाही, संभाव्यतेचं पारडं झुकलं की पुरतं. माझं मत, इथे दडवून ठेवण्यापेक्षा नेमकं विचारावं आणि जबाबाची सही असलेली प्रत जपावी. कोर्टात तो फिरला तर हीच प्रत त्याच्यापुढे धरता येते.

तारखा आदळल्या तर कोर्टाच्या तारखेचा पुरावा जोडून आधीच अर्ज द्या. न सांगता गैरहजर राहिलात की एकतर्फी. चौकशी अहवाल आला तर शिक्षेआधी त्याची प्रत आणि म्हणणं मांडायची संधी मिळायलाच हवी.

निर्दोष सुटलात तर प्रमाणित प्रत घेऊन लगेच अर्ज करा, मात्र निकालात ‘संशयाचा फायदा’ आहे का तेही वाचा. तेवढ्यावर नोकरी आपोआप परत मिळत नाही. उलट दोषी ठरलात, तर अपिलात शिक्षेला मिळालेली स्थगिती खात्याला कारवाईपासून अडवत नाही. दोषसिद्धीला स्थगिती ही वेगळी मागणी आहे आणि ती क्वचितच मिळते.

निवृत्ती जवळ असेल तर तात्पुरत्या निवृत्तिवेतनाचे कागद आधीच पुरे करा. उपदान (ग्रॅच्युइटी) मात्र दोन्हीकडचे निकाल लागेपर्यंत अडकून राहील, ते हिशेबात धरू नका.